डोंगराचं चित्र उदास की जिद्दीचं, हे कसं ठरवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कास्पार डाव्हिड फ्रीड्रिख या जर्मन चित्रकाराच्या ‘धुक्याच्या सागरावरचा भटका’ या चित्राची प्रिंट तुम्ही हॉलमध्ये लावलीत. गडद हिरवा कोट घातलेला पाठमोरा माणूस खडकावर उभा आहे आणि समोर धुक्यातून डोंगरांचे माथे वर आलेत, ते चित्र. वडिलांना ते उदास वाटतं, घरात नको म्हणतात. मुलीला तेच चित्र उमेद देतं. शिवाय हे माणसाच्या अहंकाराचं चित्र आहे असंही तुम्ही कुठेतरी वाचलंत. मग खरा अर्थ कोणता, आणि डोंगराच्या चित्रातला भाव नि प्रतीकं वाचायची तरी कशी?

मी निसर्गचित्रं रंगवतो आणि रसग्रहणाचे वर्गही घेतो. हे चित्र पडद्यावर आलं की वर्गात लगेच ‘एकटेपणा’, ‘यश’, ‘मृत्यू’ असे शब्द येऊ लागतात. मी तेव्हा एकच अट घालतो. अर्थ नंतर सांगा, आधी तो चित्रात कुठे दिसला तिथे बोट ठेवा. बोट ठेवायला जागा सापडली नाही तर तो अर्थ तात्पुरता बाजूला ठेवायचा. तुमच्या प्रश्नाचं उत्तरही याच वाटेने देतो.

आधी भाव. चित्र १८१८च्या सुमाराचं, कॅनव्हासवर तैलरंगात केलेलं, आणि आज हॅम्बुर्गच्या कुन्स्टहाले या संग्रहालयात आहे. उंची साधारण ९५ सेंटिमीटर, रुंदी ७५. म्हणजे चौकट उभी आहे. निसर्गचित्राला सहसा आडवी चौकट घेतात, कारण क्षितिज आडवं असतं आणि नजर त्याच्यावरून डावी-उजवीकडे निवांत फिरते. उभ्या चौकटीत नजर चढते. इथे ती तळाच्या काळ्याकभिन्न खडकावरून निघते, माणसाच्या बुटांवरून, टेकलेल्या काठीवरून पाठीपर्यंत पोचते आणि तिथे अडते. फ्रीड्रिखने व्यक्तिचित्राची चौकट निसर्गचित्राला दिली आणि व्यक्तीला मात्र आपल्याकडे पाठ करून उभं केलं. चेहरा दिसला असता तर भाव त्या चेहऱ्यावर वाचून आपण मोकळे झालो असतो. तो दिसत नाही, म्हणून भाव शोधायला डोंगरांकडेच जावं लागतं.

आता खडक पाहा. तो गडद, तपकिरी-काळा, धारदार कडांचा आहे. त्याच्या लगेच पलीकडे पांढरट, निळसर-करडं, कुठे किंचित गुलाबी झाक असलेलं धुकं. उष्ण आणि गडद रंग संपतो तिथेच शीत आणि फिका रंग सुरू होतो. दोन्हींच्या मधली पायरी गायब आहे. युरोपातल्या निसर्गचित्राची त्या काळची रूढ मांडणी अशी नव्हती. पुढे एखादं मोठं झाड, मध्ये नदी किंवा पूल, मागे निळे डोंगर, आणि वळणावळणाची वाट धरून नजर हळूहळू आत जाणार, अशी ती असायची. फ्रीड्रिखने ती मधली जमीनच काढून टाकली आहे. खडकावरून पुढच्या माथ्यापर्यंत जायला वाट नाही, पाय ठेवायला जागा नाही. पोटात जो किंचित खड्डा पडतो तो इथे पडतो. तुमच्या वडिलांना जे खटकतं त्यावर बोट ठेवायला सांगितलं, तर माझ्या अंदाजाने ते इथेच ठेवतील. त्यांचं वाचन निराधार नाही.

मुलीचंही नाही. दूरच्या टेकड्यांचे उतार डावीकडून आणि उजवीकडून खाली घसरत येतात आणि त्या माणसाच्या छातीच्या आसपास एकमेकांना भेटतात. हे सहज घडलेलं नाही. पट्टी घेऊन प्रिंटवर त्या दोन रेषा पुढे वाढवून पाहा. सगळा प्रदेश जणू त्याच्यापाशी येऊन मिळतो, आणि म्हणून चित्राच्या मधोमध एक स्थैर्य आहे. खालचा खडकही त्रिकोणी आहे आणि माणूस त्या त्रिकोणाचा माथा झाला आहे. त्रिकोणी रचना डोळ्याला भक्कम वाटते. म्हणजे एकाच चित्रात पायाखालचा आधार तुटलेला आहे आणि उभं राहणं मात्र पक्कं आहे. या दोन गोष्टींचा ताण हाच या चित्राचा भाव. एकाने त्यातलं एक टोक धरलं, दुसऱ्याने दुसरं.

आणखी एक बारीक जागा दाखवतो, ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. त्या माणसाचे तांबूस केस वाऱ्याने विस्कटलेले आहेत. खाली धुकं पसरलेलं आहे, डोंगर स्तब्ध आहेत, कोटाच्या घड्या जड आहेत. सगळ्या चित्रात वारा उघडपणे दिसतो तो त्या केसांत. मूळ चित्रातही ही जागा लहानच आहे, पण ती झाका आणि पाहा, माणूस पुतळा होतो. मग अंगठ्याने आख्खा माणूस झाका. उरलेलं निसर्गचित्र चांगलं आहे, शांत आहे, पण त्यातली ओढ गेलेली असते. भाव कशात आहे हे ठरवायला याहून सोपी रीत मला माहीत नाही. एकेक भाग झाकत जायचं आणि कशाने फरक पडतो ते पाहायचं.

इथवर आपण प्रतीकाचा विषय काढलेला नाही, आणि तरीही चित्राबद्दल बरंच बोलून झालं. हा क्रम सोडू नका.

प्रतीकांकडे जाण्यापूर्वी ही जागा कुठली ते सांगायला हवं. फ्रीड्रिख बाल्टिक किनाऱ्यावरच्या ग्राइफ्सवाल्डमध्ये १७७४ साली जन्मला, कोपनहेगनच्या अकादमीत शिकला आणि १७९८ पासून ड्रेसडेनमध्ये राहिला. ड्रेसडेनच्या वर, एल्बे नदीच्या काठाने वालुकाश्माचे डोंगर आहेत. सुटे उभे सुळके, सपाट माथ्यांच्या टेकड्या, खोल घळी. १८१३ मध्ये नेपोलियनच्या युद्धामुळे ड्रेसडेनमध्ये राहणं कठीण झालं तेव्हा तो काही काळ त्या भागातल्या क्रिपेन या गावी होता आणि त्याने तिथे खडकांची अचूक रेखाटनं केली. पुढे स्टुडिओत त्याने ती जोडली. पायाखालचा खडक काइझरक्रोने नावाच्या टेकडीवरचा, मधले सुळके दुसरीकडचे, उजवीकडचा सपाट माथ्याचा डोंगर त्सिर्कलश्टाइन. प्रत्येक दगड खरा आहे, पण एका जागी उभं राहून हे दृश्य कुणालाच दिसणार नाही. यातून मला एक पक्का धागा मिळतो. चित्रकाराने जागा निवडून, उचलून, हलवून बसवलेल्या असतील तर त्यांच्या जागेला अर्थ आहे असं मानायला आधार मिळतो. समोर दिसलं ते जसंच्या तसं उतरवलेल्या चित्रात एवढं जोखीम घेऊन बोलता येत नाही.

प्रतीकांबद्दल सगळ्यात जास्त शिकवणारं चित्र मात्र हे नाही. ते आहे त्याआधीचं, १८०८ सालचं ‘डोंगरातला क्रूस’, ज्याला तेचेनची वेदी असंही म्हणतात. ते आज ड्रेसडेनमध्ये आहे. एका गडद डोंगराच्या माथ्यावर फर वृक्षांच्या मधून उंच, सडपातळ क्रूस उभा आहे. त्यावरचा ख्रिस्त आपल्याकडे तोंड करून नाही, डोंगरामागे मावळणाऱ्या सूर्याकडे वळलेला आहे. सूर्य दिसत नाही, त्याचे किरण तेवढे आकाशात वर गेले आहेत. क्रुसाच्या खांबावर वेल चढलेला आहे. चौकट फ्रीड्रिखच्या आराखड्यावरून कोरून घेतलेली आणि सोनेरी मुलाम्याची. वर ताडाच्या फांद्यांची कमान आणि देवदूतांची मुखं, खाली त्रिकोणात ईश्वराचा डोळा, एका बाजूला गव्हाची कणसं आणि दुसऱ्या बाजूला द्राक्षवेल, म्हणजे ख्रिस्ती प्रभुभोजनातली भाकर आणि द्राक्षरस.

ख्रिसमसच्या सुमारास त्याने ते आपल्या स्टुडिओत लोकांना दाखवलं. १८०९च्या जानेवारीत फोन रामडोर नावाच्या समीक्षकाने त्यावर कडाडून टीका केली. निसर्गचित्राने चर्चमध्ये शिरून वेदीवर चढून बसावं हा उद्धटपणा आहे, असा त्याचा रोख होता. पण मला त्याचे तांत्रिक आक्षेप अधिक मोलाचे वाटतात. बघणारा नेमका कुठे उभा आहे हे कळत नाही, डोंगर म्हणजे तपशील नसलेला एक काळा ठोकळा आहे, अंतरानुसार हवा दाट होत गेल्याची जाणीव नाही, अशा अर्थाचे ते आक्षेप होते. रामडोरने पाहिलं ते अगदी बरोबर पाहिलं. त्याने जे दोष म्हणून मोजले, त्यांच्यामुळेच तो डोंगर आपल्याला जवळही वाटत नाही आणि गाठता येण्यासारखाही वाटत नाही. चांगला विरोधक आपल्याला चित्र नीट बघायला लावतो.

मित्रांनी फ्रीड्रिखची बाजू घेतली, आणि त्याने स्वतःही चित्राचा खुलासा लिहून दिला. तो १८०९ मध्ये छापून आला. त्याचा सारांश असा: क्रूस ज्या खडकावर उभा आहे तो ख्रिस्तावरच्या श्रद्धेसारखा अढळ आहे. भोवतीचे फर वृक्ष बारा महिने हिरवे असतात, तशी आपली आशा. मावळलेल्या सूर्याबरोबर जुनं जग गेलं, ज्यात ईश्वर पृथ्वीवर थेट वावरत होता. आणि धातूचा ख्रिस्त त्या मावळत्या प्रकाशात झळाळतो, तो प्रकाश सौम्य करून पृथ्वीवर परत पाठवतो.

चित्रकाराने स्वतःच्या हाताने अर्थ लिहून दिल्याची उदाहरणं फार थोडी असतात, म्हणून हे नीट पाहा. त्याने कुठलंच प्रतीक डोंगरावर बाहेरून चिकटवलेलं नाही. फर हिवाळ्यात पानं गाळत नाही, हा झाडाचा गुण. वालुकाश्माचा खडक हलत नाही, हा दगडाचा गुण. धातू प्रकाश परावर्तित करतो, हा धातूचा. मध्य युरोपातल्या डोंगरांवर वाटसरूंसाठी असे क्रूस खरोखर उभे असत आणि आजही दिसतात, म्हणजे ते दृश्यही घडण्यासारखं आहे. वस्तूचा खरा स्वभाव आणि तिला दिलेला अर्थ एका रेषेत आले की प्रतीक पटतं. ‘निळा म्हणजे शांतता, डोंगर म्हणजे अडचण, पक्षी म्हणजे आत्मा’ अशा तयार याद्या नेटवर पुष्कळ सापडतात, त्या वापरू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्या यादीला चित्र बघायची गरजच उरत नाही.

(हे चित्र पुढे बोहेमियातल्या तेचेनच्या काउंट थुन-होहेनश्टाइन यांच्याकडे गेलं आणि तिथे वेदीवर न लागता झोपण्याच्या खोलीत लागलं. चित्र कुठे टांगलं जातं यानेही त्याचं वाचन बदलतं. तुमच्या हॉलचंही तसंच आहे.)

आता भटक्याकडे परत येऊ. इथे फ्रीड्रिखने खुलासा लिहिलेला नाही. चित्राचं नावही त्याने दिल्याचा पुरावा नाही, म्हणजे नावातल्या ‘भटका’ आणि ‘सागर’ या शब्दांवर फार भार टाकू नये. अर्थाच्या तीन-चार वाटा अभ्यासकांनी सुचवल्या आहेत. एक, हा निसर्गावर विजय मिळवलेला माणूस. दोन, हा विराटापुढे थबकलेला, विनम्र माणूस. तीन, नेपोलियनविरुद्धच्या लढ्यात मृत्यू पावलेल्या एका अधिकाऱ्याचं हे स्मृतिचित्र आहे, म्हणजे खडक ही या जगाची कड आणि समोरचं ते पलीकडचं. ही शक्यता त्याच्या कोटावरून आणि एका जुन्या ऐकीव माहितीवरून मांडली गेली, ती सिद्ध झालेली नाही. चौथी वाट राष्ट्रभावनेची. फ्रीड्रिखच्या काही चित्रांतली माणसं जुन्या जर्मन धाटणीच्या पोशाखात आहेत आणि १८१९ नंतर असा पोशाख सत्ताधाऱ्यांना संशयास्पद वाटू लागला होता. चंद्राकडे पाहणाऱ्या दोन पुरुषांच्या त्याच्या चित्राबद्दल त्यानेच पाहुण्यांना सांगितलं होतं की हे दोघं राजद्रोही कारस्थानं करताहेत. कपड्यांत अर्थ भरलेला असतो हे त्याला पुरेपूर ठाऊक होतं.

मला विजयाचं वाचन पटत नाही. आपल्याकडच्या मुलांना ते पटकन सुचतं याचं कारणही कळतं. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर किंवा राजगडावर ढगांच्या वर उभं राहून काढलेला पाठमोरा फोटो आता प्रत्येक मोबाईलमध्ये असतो, आणि गडावर पोचणं म्हणजे आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे. ते आपलं सामान आहे, आणि ते चांगलं सामान आहे. फक्त ते १८१८च्या ड्रेसडेनमधून आलेलं नाही. चित्रात बोट ठेवून पाहा: काठी टेकलेली आहे, उगारलेली नाही. हात पसरलेले नाहीत. दूर डावीकडचा डोंगर जवळजवळ त्याच्या डोक्याच्या उंचीपर्यंत येतो, म्हणजे तो सर्वांत उंच जागी आहे असंही चित्र म्हणत नाही. वाट इथे संपली आहे आणि पुढे जे आहे ते फक्त पाहता येणार आहे. फ्रीड्रिख धर्मश्रद्ध लुथेरन घरातला, लहानपणी आई गेलेली, आणि बर्फ फुटून पाण्यात बुडालेल्या भावाचा मृत्यू त्याच्या तेराव्या वर्षी झालेला. चरित्रावरून चित्राचा अर्थ काढू नये, पण बोट ठेवून मिळालेल्या अर्थाला चरित्र दुजोरा देत असेल तर तो जरूर घ्यावा. मी हे चित्र थबकलेल्या माणसाचं म्हणून वाचतो. त्यात वडिलांची उदासी मावते आणि मुलीची उमेदही मावते. अहंकार मावत नाही.

धुक्याबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण तुमच्या प्रिंटमध्ये सगळ्यात जास्त जागा त्यानेच व्यापली आहे. फ्रीड्रिखने लिहून ठेवलंय की धुक्यात गुंडाळलेला प्रदेश अधिक मोठा, अधिक उदात्त वाटतो आणि कल्पनाशक्तीला चेतवतो. म्हणजे त्याच्यासाठी धुकं हे दुःखाचं चिन्ह असण्याआधी दृष्टीला लागलेलं खतपाणी होतं. १८१६ मध्ये जर्मन कवी गटेने त्याला ढगांचे प्रकार शास्त्रीय वर्गीकरणानुसार रंगवून द्यायला सांगितलं. त्याने नकार दिला. ढगांना असं खणाखणांत बसवलं तर निसर्गचित्राचा पायाच उखडेल असं त्याला वाटलं. ढग आणि धुकं मोजून संपणारं नसावं, हा त्याचा आग्रह होता.

पण धुक्याचा हा अर्थ फ्रीड्रिखचा आहे, धुक्याचा नव्हे. चीनमध्ये ग्वो शी या दरबारी चित्रकाराने १०७२ मध्ये रेशमावर शाईने केलेलं ‘वसंताची सुरुवात’ तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात आहे. त्यातही डोंगराच्या मध्ये धुकं आहे, पण तिथे ते वेगळं करत नाही, जोडतं. डोंगराच्या अंगातून वाहणारा श्वास असावा तसं ते घळींतून वर येतं. खाली नावाडी, वाटेवर माणसं, झाडीत देवळांची छपरं, सगळं एकाच जिवंत शरीरात. ग्वो शीची शिकवण त्याच्या मुलाने लिहून ठेवली. तिच्यात तो म्हणतो की वसंतातला डोंगर हसल्यासारखा दिसतो आणि हिवाळ्यातला झोपल्यासारखा. मुख्य शिखराला तो भोवतीच्या लहान डोंगरांचा स्वामी मानतो, दरबारातल्या सम्राटासारखा. तिथल्या शिखरात राज्यव्यवस्था वाचणं योग्य आहे. तेच फ्रीड्रिखच्या शिखरात वाचलं तर काही हाती लागणार नाही. म्हणून कुठल्याही डोंगरचित्रापुढे उभं राहिल्यावर काळ आणि देश आधी विचारा.

सरावासाठी एक जोडी सुचवतो. जर्मन आल्प्समध्ये वाट्समान नावाचं २७१३ मीटर उंचीचं शिखर आहे. १८२४ मध्ये लुडविग रिष्टर या तरुण चित्रकाराने ते रंगवलं, आणि लगेच पुढच्या वर्षापर्यंत फ्रीड्रिखनेही. रिष्टरचं म्युनिकच्या नोये पिनाकोटेकमध्ये आहे, फ्रीड्रिखचं बर्लिनच्या आल्टे नात्सिओनालगॅलरीमध्ये, आणि दोन्ही नेटवर चांगल्या प्रतीत सापडतात. फ्रीड्रिख तर आल्प्समध्ये कधीच गेला नव्हता. शिखर त्याने आपला अकाली गेलेला शिष्य आउगुस्ट हाइनरिख याच्या अभ्यासचित्रावरून घेतलं आणि पुढचा खडक उत्तरेकडच्या हार्त्स डोंगरातल्या आपल्याच जुन्या रेखाटनावरून. रिष्टरच्या चित्रात पाणी कोसळतंय, झाडी दाट आहे, माणसांचा वावर आहे, आणि शिखर त्या सगळ्याच्या वर घराच्या छपरासारखं बसलं आहे. फ्रीड्रिखच्या चित्रात माणूस नाही, घर नाही. उघडे कातळ, थोडी खुरटी झाडं, आणि मागे बर्फाचं शिखर इतकं निखळ पांढरं की मधल्या तपकिरी उतारांशी त्याचं नातंच तुटलेलं.

दोन्ही शेजारी उघडा आणि प्रत्येकात तीन गोष्टी शोधा: आपण कुठे उभे आहोत, शिखरापर्यंत वाट आहे का, आणि चित्रात सगळ्यात तीव्र उजेड-अंधाराची कड कुठे आहे. ‘पवित्र’, ‘भयाण’, ‘आपलंसं’ हे शब्द त्यानंतर वापरा. स्क्रीनवर पाहताना रंगांवर मात्र विसंबू नका. फ्रीड्रिख रंगाचे अतिशय पातळ, पारदर्शक थर एकावर एक देत असे, ब्रशचा फटकारा दिसू देत नसे, आणि छापील प्रतीत ते थर बहुतेक वेळा एकतर फार निळे होतात नाहीतर काळे पडतात. तुमच्या प्रिंटबद्दलही एक तपासून घ्या. हे चित्र पोस्टर आणि वॉलपेपरसाठी पुष्कळदा वरून-खालून कापून आडवं केलं जातं. उंची रुंदीच्या सव्वापट नसेल आणि तळाचा काळा खडक पूर्ण दिसत नसेल, तर तुमच्या घरातला वाद कापलेल्या चित्रावर चालला आहे. पूर्ण प्रत आणा, आणि खिडकीच्या समोर न लावता खिडकीशी काटकोन करणाऱ्या भिंतीवर लावा, म्हणजे काचेवर चकाकी येणार नाही आणि खडकातले बारकावे दिसतील.